शब्द राहिले, युद्ध गेलं: तीन मोबाईलवरचा दशावतार एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात कसा न्यायचा

हा भाग तुम्ही ऐकला असेल तर उत्तमच. एसटीत रेंज जाते म्हणून वाचणं बरं पडतं, अशांसाठी हा त्याच भागाचा मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे', 'तर', 'आता बघा' थोडे काढलेत, थोडे ठेवलेत. का ठेवलेत, ते शेवटापर्यंत तुमच्या लक्षात येईल.

सुरुवात वालावलपासून करूया. कुडाळ तालुक्यातलं, कर्ली नदीकाठचं हे गाव. लक्ष्मीनारायणाचं देऊळ, शेजारी मोठं तळं, माडाची झाडं. फोटो काढणारे दिवसा येतात. आम्ही गेलो रात्री, दशावतार रेकॉर्ड करायला. मंडळींची रीतसर परवानगी घेतली, तीन मोबाईल तीन जागी लावले, आवाजासाठी एक छोटा रेकॉर्डर पेटीजवळ ठेवला. प्रयोग पाच तास चालला. तीन मोबाईल गुणिले पाच तास, म्हणजे पंधरा तासांचं चित्रीकरण हातात आलं.

पंधरा तास कोण बघत बसणार? म्हणून आम्ही सोपा रस्ता धरला. व्हिडिओ मजकुरावरून कापणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला, संवाद वाचत वाचत नको ते पुसलं आणि वर 'मोकळ्या जागा काढा' हे बटणही दाबलं. पाच तासांचे चाळीस मिनिटं झाले. खूश होऊन नाईकांना, म्हणजे कंपनीच्या प्रमुखांना, दाखवायला गेलो. त्यांनी शांतपणे सगळं बघितलं आणि म्हणाले, "बरा केलास रे झिला. पण युद्ध खंय गेला?"

खरंच की! युद्ध गेलं होतं. राजा आणि राक्षस पखवाजाच्या तालावर समोरासमोर नाचतात, तलवारी फिरतात, झांज कडाडते, त्या सगळ्यात एक शब्द नाही. सॉफ्टवेअरच्या हिशेबाने ती 'मोकळी जागा' होती. त्याने ती प्रामाणिकपणे काढून टाकली.

ही चूक सॉफ्टवेअरची नाही, आमची. कुठलं काम कुठल्या हत्याराने करायचं आणि एकाचं काम दुसऱ्याच्या हातात कसं द्यायचं, हे आम्हाला माहीत नव्हतं. आजचा भाग त्यावरच.

दोन जातींची सॉफ्टवेअर

पहिली जात मजकुरावरून एडिट करणारी. तुम्ही व्हिडिओ देता, ते बोललेलं सगळं टाइप करून देतं आणि प्रत्येक शब्द व्हिडिओतल्या नेमक्या क्षणाला बांधून ठेवतं. तुम्ही वाक्य पुसलंत की तेवढा व्हिडिओही जातो. परिच्छेद उचलून वर नेलात की व्हिडिओही वर जातो. डिस्क्रिप्ट हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव. अँड्र्यू मेसन यांनी २०१७ मध्ये ते आणलं. ग्रूपॉन सुरू करणाऱ्यांपैकी तेच. पॉडकास्टवाल्यांना ते आवडलं, कारण वाचणं ऐकण्यापेक्षा जलद होतं.

दुसरी जात टाइमलाइनवाली. प्रीमियर प्रो, दा विंची रिझॉल्व्ह, फायनल कट प्रो. इथे व्हिडिओच्या पट्ट्या एकावर एक दिसतात. रंग नीट करणं, पखवाज आणि आवाज यांचा तोल साधणं, कुठल्या क्षणी कुठला कॅमेरा दाखवायचा हे फ्रेमपर्यंत ठरवणं, ही कामं इथली.

आता या दोघांमधली भिंत पातळ झाली आहे. २०२३ मध्ये प्रीमियर प्रोमध्ये मजकुरावरून कापण्याची सोय आली. त्याच वर्षी रिझॉल्व्हच्या १८.५ आवृत्तीतही आली, फक्त ती पैसे भरून मिळणाऱ्या स्टुडिओ आवृत्तीत. तुमच्या भाषेत ती सोय नीट चालत असेल तर प्रश्नच मिटला, एकाच घरात सगळं करा. पण आपलं काम मराठीत, त्यातही मालवणीत. शिवाय मजकूर कापणारा एक जण कुडाळात आणि रंग करणारा दुसरा मुंबईत, असंही असतं. मग काम एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यावंच लागतं.

प्रवास नेमका कशाचा होतो?

इथे बहुतेकांचा गैरसमज असतो. आपल्याला वाटतं, व्हिडिओ एका सॉफ्टवेअरमधून निघतो आणि दुसऱ्यात जातो. तसं नसतं. जातो तो फक्त निर्णयांचा कागद.

दशावतार बघितला असेल तर हे पटकन समजेल. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. प्रयोगाआधी, तोंडाला रंग लावता लावता, नाईक सांगतात की आज अमुक आख्यान. आधी हा येणार, मग तो येणार, मग युद्ध, मग देव प्रकटणार. बस. संवाद नट स्वतः उभे करतात. नाईकांनी सांगितला तो फक्त क्रम. नट, मुकुट, साड्या, तलवारी हे सगळं आधीच पेटाऱ्यासकट हजर असावं लागतं. राक्षसाचं काम करणाऱ्याची गाडी चुकली तर नाईकांनी क्रम कितीही सुंदर सांगितला तरी प्रयोग अडतो.

एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाणारी फाईल म्हणजे नाईकांचा तो क्रम. त्यात लिहिलेलं असतं: अमुक नावाची फाईल घे, या क्षणापासून त्या क्षणापर्यंतचा तुकडा उचल, इथे ठेव. मग पुढचा तुकडा. खरा व्हिडिओ तुमच्या हार्ड डिस्कवरच असतो. दुसरं सॉफ्टवेअर तो नावाने आणि वेळेने शोधतं. सापडला नाही तर पडदा लाल होतो आणि 'मीडिया ऑफलाइन' अशी पाटी येते. नट आला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

या कागदाचे प्रकार तीन-चारच आहेत, ओळख करून घ्या.

ईडीएल हा सगळ्यात जुना. १९७१ मध्ये सीबीएस आणि मेमोरेक्स या दोन अमेरिकन कंपन्यांनी मिळून सीएमएक्स ६०० नावाचं कॉम्प्युटरवर चालणारं एडिटिंग यंत्र आणलं, ईडीएल त्याच घराण्यातला. साधी टेक्स्ट फाईल, मोबाईलच्या नोटपॅडमध्येही उघडून वाचता येते. पण मर्यादा कडक. सीएमएक्स ३६०० या रूढ पद्धतीत व्हिडिओचा एकच थर आणि जास्तीत जास्त ९९९ नोंदी. तुम्ही प्रत्येक 'अं' आणि प्रत्येक श्वास कापलात तर दोन तासांच्या मुलाखतीत ९९९ कधी ओलांडाल ते कळणारही नाही.

एक्सएमएल हा दुसरा. हा जुन्या फायनल कट प्रोचा, त्याच्या सातव्या आवृत्तीच्या नावाने ओळखला जाणारा. ॲपलने ती आवृत्ती २०११ मध्ये थांबवली, पण तिचा एक्सएमएल अजून जिवंत आहे. प्रीमियर आणि रिझॉल्व्ह दोघंही तो वाचतात. एकापेक्षा जास्त थर त्यात मावतात.

एफसीपीएक्सएमएल हा तिसरा, नव्या फायनल कटचा. नाव सारखं वाटलं तरी भाषा वेगळी. यात मल्टीकॅमसाठी स्वतंत्र जागा आहे, म्हणजे 'या तुकड्यात तीन कोन आहेत, सध्या दुसरा चालू आहे' असं त्यात लिहिता येतं. एक्सएमएल मागितला असताना एफसीपीएक्सएमएल पाठवला की प्रीमियर तो थेट घेत नाही. अर्ध्या भांडणांचं मूळ इथेच असतं.

एएएफ हा चौथा. आवाजाचं काम प्रो टूल्समध्ये करणाऱ्यांना सहसा हा लागतो.

डिस्क्रिप्टमधून प्रीमियर, फायनल कट, रिझॉल्व्ह आणि प्रो टूल्स यांच्यासाठी टाइमलाइन बाहेर काढता येते. पण या कागदावर मावतं तेवढंच पलीकडे पोचतं. कापाकापी पोचते, क्रम पोचतो. एका बाजूला लावलेली पाटी, सजावट, आवाज साफ करणारा जादूचा फिल्टर, हे दुसऱ्या बाजूला तसंच दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. म्हणून नियम एक: पहिल्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त कापा. नटवणं दुसऱ्यात.

मल्टीकॅमचं वेगळं दुखणं

एका कॅमेऱ्याचा व्हिडिओ असेल तर वरचं सगळं सुरळीत चालतं. तीन कॅमेरे आले की गोष्ट बदलते.

मल्टीकॅम क्लिप म्हणजे तीन कॅमेरे वेळेत जुळवून एका गाठोड्यात बांधलेले. बाहेरून ती एकच क्लिप दिसते, पण आत तीन कोन असतात आणि कुठल्याही क्षणी कोन बदलता येतो. अडचण अशी की प्रत्येक सॉफ्टवेअर हे गाठोडं आपल्या पद्धतीने बांधतं. त्यामुळे दुसऱ्या टोकाला ते तीनपैकी एका रूपात उघडतं.

एक, तीन थर एकावर एक. तिन्ही कॅमेरे आलेत, पण दिसतो फक्त वरचा. कोन बदलायचा तर वरची पट्टी हाताने कापून बाजूला करावी लागते. वेळखाऊ, पण काही हरवलेलं नसतं.

दोन, सपाट झालेलं. ज्या क्षणी जो कोन निवडला होता तेवढाच आला, बाकीचे दोन गायब. याला एडिटर मंडळी 'फ्लॅटन' म्हणतात. प्रीमियर आणि रिझॉल्व्ह दोन्हींत ते मुद्दामही करता येतं. काम पूर्ण झाल्यावर ते ठीक. आधीच झालं तर 'इथे संकासुराचं तोंड दाखवूया' म्हणायची सोय जाते.

तीन, टाइमलाइनच्या आत टाइमलाइन. एक तुकडा दिसतो, त्यावर डबल क्लिक केलं की आत आणखी एक टाइमलाइन उघडते. इथून परत मल्टीकॅम करता येतो, पण पहिल्यांदा बघणारा गडबडून जातो.

यातलं कुठलं रूप येईल ते दोन्ही सॉफ्टवेअरच्या आवृत्तीवर ठरतं. म्हणून पाच तासांचं काम उचलण्याआधी दोन मिनिटांचा नमुना पाठवून बघा. तीन कॅमेरे, चार-पाच कट. दहा मिनिटं जातील आणि एक अख्खा आठवडा वाचेल.

आमच्या तीन चुका

पहिली चूक नावांची. मोबाईल आपल्या फाईलींना क्रमाने नाव देतो. दोन सारख्या कंपनीचे फोन असतील तर दोघांकडेही 'आयएमजी ००४७' निघू शकते. आमच्याकडे तेच झालं. दुसऱ्या सॉफ्टवेअरने नाव बघितलं, पहिली सापडली ती फाईल जोडली आणि राजाच्या संवादावर प्रेक्षकांचे चेहरे आले. तेव्हापासून फोनमधून फाईल काढली की पहिलं काम नाव बदलणं: गाव, तारीख, कॅमेरा, क्रमांक. 'वालावल, उजवा, ०१' असं. आणि एकदा ठेवलेलं नाव काम संपेपर्यंत बदलायचं नाही. मधेच बदललं की कागदावरचा नट वेगळा आणि पेटाऱ्यापाशी उभा असलेला वेगळा.

दुसरी चूक वेळेची. मोबाईल दर सेकंदाला नेमक्या तेवढ्याच फ्रेम काढतो असं नाही. उजेड कमी झाला की बरेच फोन आपोआप वेग कमी करतात. देवळाच्या आवारात रात्री बल्ब आणि हॅलोजन, मग काय, वेग सतत वरखाली. त्याला व्हेरिएबल फ्रेम रेट म्हणतात. मजकूरवालं सॉफ्टवेअर तो एका पद्धतीने मोजतं, टाइमलाइनवालं दुसऱ्या. सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, तासाभराने फाटतात.

फरक किती पडतो बघा. एक फोन सेकंदाला ३० फ्रेमवर आणि दुसरा २९.९७ वर, एवढंसं अंतर. सॉफ्टवेअरने दोन्ही एकच समजून मोजले तर एका तासात ३.६ सेकंद आणि पाच तासांत १८ सेकंद. तेवढ्यात दशावतारातला राक्षस मरून उठून चहाला जातो!

उपाय दोन. रेकॉर्ड करतानाच वेग पक्का करा. त्यासाठी ब्लॅकमॅजिक कॅमेरासारखं फुकट ॲप आहे, २०२३ मध्ये आयफोनवर आणि २०२४ मध्ये अँड्रॉइडवर आलं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवलं की बल्बचा लुकलुकाटही कमी होतो. आधीच रेकॉर्ड झालं असेल तर हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमधून फाईल पक्क्या वेगात बदलून घ्या, आणि हे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये टाकण्याआधी करा. आणि हो, मित्राने क्लिप व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवली तर ती घेऊ नका. ती दाबलेली असते, नावही बदललेलं असतं. केबलने घ्या, पेन ड्राइव्हने घ्या.

तिसरी चूक मजेशीर आहे. आमचा तिसरा मोबाईल लांब, पायऱ्यांजवळ होता. अंदाजे ३४ मीटर. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे झांजेचा आवाज त्या फोनपर्यंत पोचायला एक दशांश सेकंद लागला, २५ च्या वेगाने अडीच फ्रेम. सॉफ्टवेअर तीन कॅमेरे जुळवतं ते आवाज ऐकून. त्याने लांबच्या फोनचा आवाज पुढच्या आवाजाशी जुळवला आणि त्या नादात चित्र अडीच फ्रेम लवकर आलं. झांज आदळताना दिसते आधी, ऐकू येते नंतर. बघणाऱ्याला नेमकं सांगता येत नाही, पण काहीतरी खटकतं. म्हणून जुळवून झाल्यावर लांबचा कॅमेरा डोळ्यांनी तपासा आणि दोन-तीन फ्रेम मागे सरकवा.

सिनेमावाल्यांकडे क्लॅप असतो तो या जुळवणीसाठीच. आपल्याला तो विकत आणायची गरज नाही. प्रयोग सुरू होण्याआधी झांजवाल्या काकांना विनंती करा, "काका, एकदा जोरात वाजवा." तिन्ही फोनमध्ये तो ठोका दिसला आणि ऐकू आला की काम झालं. मध्यांतरात आणि शेवटी पुन्हा एकदा घ्या. सुरुवातीचा ठोका जुळतो आणि शेवटचा जुळत नाही, तर वेग फाटलाय हे लगेच कळतं.

मालवणी आणि मशीन

आता भाषेचं. ओपनएआयने सप्टेंबर २०२२ मध्ये व्हिस्पर नावाचं बोलणं टाइप करणारं मॉडेल सगळ्यांसाठी खुलं केलं. त्यात मराठी आहे. मद्रास आयआयटीतला एआयफॉरभारत हा गटही भारतीय भाषांसाठी खुली मॉडेलं बनवतो, मराठी आणि कोकणीसुद्धा. बातम्यांसारखी मराठी असेल तर मजकूर बऱ्यापैकी येतो. पण सूत्रधार आणि संकासुर यांची मालवणी जुगलबंदी सुरू झाली की मशीन गोंधळतं. 'माका', 'तुका', 'कित्याक', 'आसा' यांच्या जागी आमच्याकडे कधी पुस्तकी मराठी आली, कधी भलतंच काही. विनोद तर सगळा त्या शब्दांत! तो मजकूर वाचून कोण हसणार?

आणखी एक सवय लक्षात ठेवा. संगीत चालू असताना किंवा कोणीच बोलत नसताना व्हिस्परसारखी मॉडेलं कधीकधी न बोललेली वाक्यं लिहून मोकळी होतात. पखवाजाच्या तुकड्यावर आम्हाला अशी दोन-चार वाक्यं मिळाली. म्हणजे एकीकडे खरं युद्ध 'मोकळी जागा' ठरून गेलं आणि दुसरीकडे कोणी बोललंच नाही ते लिहिलं गेलं.

कापण्यासाठी स्पेलिंग बरोबर असण्यापेक्षा शब्दाची वेळ बरोबर असणं महत्त्वाचं, हे खरं. पण तुम्ही शोधणार कसं? 'आसा' शोधाल आणि मशीनने 'आहे' लिहिलंय. त्यामुळे किमान प्रवेशांच्या सुरुवाती, पात्रांची नावं आणि विनोदाच्या जागा हाताने दुरुस्त करा. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना शेजारी बसवा. आम्हाला न कळलेले चार शब्द शेजारच्या आजींनी ऐकताक्षणी सांगितले. दुरुस्त न केलेला मजकूर सबटायटल म्हणून तर अजिबात लावू नका. नटाच्या तोंडी त्याने न बोललेलं वाक्य घालणं बरं नव्हे.

आता आम्ही करतो तो क्रम

दुसऱ्या खेपेला आम्ही उलट बाजूने सुरुवात केली. आधी टाइमलाइन, मग मजकूर, मग परत टाइमलाइन.

पायरी १. तिन्ही फोन विमान मोडवर. मध्येच फोन आला तर रेकॉर्डिंग थांबू शकतं. वेग पक्का, ठोका घेतलेला.

पायरी २. फाईलींना नावं, आणि दोन वेगळ्या ठिकाणी प्रत.

पायरी ३. टाइमलाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये तीन कॅमेरे आणि रेकॉर्डर जुळवून पाच तासांची एकच मल्टीकॅम बांधायची. सुरुवात ००:००:००:०० वर. लांबचा कॅमेरा तपासायचा.

पायरी ४. त्या अख्ख्या मल्टीकॅमची एक हलकी प्रत काढायची. छोटं चित्र, कोपऱ्यात चालणारी वेळ छापलेली, लांबी आणि वेग अगदी तेवढाच. हिचं नाव प्रॉक्सी. हे का, तर रेंज! चांगल्या फोनवर पूर्ण एचडी चित्रीकरण मिनिटाला साधारण ६० एमबी जागा घेतं. पाच तासांचे १८ जीबी, तीन फोनचे ५४. ते वालावलमधून अपलोड करायला बसलात तर पुढची जत्रा येईल. नुसता आवाज १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत काढलात तर पाच तासांचे तीनशे एमबीसुद्धा होत नाहीत. चित्राची गरज नसेल तर तेवढाच पाठवा.

पायरी ५. ही एकच फाईल मजकुराच्या सॉफ्टवेअरमध्ये. इथे फक्त शब्दांचे निर्णय: कुठला प्रवेश ठेवायचा, कुठला संवाद दोनदा आलाय, कुठे माईक पडला. 'मोकळ्या जागा काढा' या बटणाला हात नाही. युद्ध, नाच, देवाचं येणं यांच्या वेळा आधीच वहीत लिहून ठेवायच्या आणि मजकुरात त्या जागा कोऱ्या दिसल्या तरी सोडायच्या नाहीत.

पायरी ६. टाइमलाइन बाहेर काढायची. प्रीमियर किंवा रिझॉल्व्ह असेल तर एक्सएमएल, फायनल कट असेल तर एफसीपीएक्सएमएल. सोबत कापलेल्या चाळीस मिनिटांचा एक साधा व्हिडिओही, ताडून बघायला.

पायरी ७. तो कागद टाइमलाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायचा. प्रत्येक तुकडा सांगतो की प्रॉक्सीच्या अमुक क्षणापासून तमुक क्षणापर्यंत. प्रॉक्सी आणि मल्टीकॅम दोन्हींचं शून्य एकच, म्हणून तेच आकडे मल्टीकॅमला लागू होतात. प्रॉक्सीच्या जागी मल्टीकॅम बसवायची. प्रत्येक सॉफ्टवेअरची पद्धत वेगळी, पण तपासणी सारखीच: पहिले तीन तुकडे, मधला एक आणि शेवटचा, कोपऱ्यातल्या वेळेशी जुळतात का? जुळले तर सगळे जुळतात.

पायरी ८. आता कॅमेरे निवडा, रंग करा, आवाज मिसळा.

या क्रमाचा मोठा फायदा असा की गाठोडं कुठेच प्रवासाला जात नाही. तीन कॅमेरे घरीच राहतात. प्रवास करते एक हलकी प्रत, परत येतो एक कागद.

आणि पायरी ७ झाल्यावर मागे फिरायचं नाही. नंतर कोणी म्हणालं, "ते एक वाक्य परत घाला," तर मजकुरात जाऊन नवा कागद काढू नका. नव्या कागदाला तुमचे रंग आणि कॅमेरे माहीत नसतात. टाइमलाइनवरच त्या तुकड्याचं टोक ओढा, मागचं-पुढचं सगळं मल्टीकॅमच्या आत आहेच.

मग युद्धाचं काय झालं?

वहीत लिहिलेल्या वेळा घेतल्या, टाइमलाइनवर युद्ध परत जोडलं. चाळीस मिनिटांचे बावन्न झाले. मध्ये एक जागा होती: राजा एक वाक्य बोलून थांबतो, पेटी एक सूर धरते, पखवाजावर हात पडायच्या आधी सगळं आवार गप्प होतं. पाच-सहा सेकंद. पहिल्या खेपेला हीसुद्धा मोकळी जागा म्हणून गेली होती. नाईकांनी ती बघून मान हलवली. "हां, आता बरोबर आसा," एवढंच म्हणाले.

लिहिलेली संहिता नसलेल्या कलेची पहिली लिखित प्रत आज मशीन तयार करतंय. ती कामाची आहे, नाही असं नाही. पण तिच्यात शब्दच उतरतात. उद्या कोणी फक्त तो मजकूर वाचून 'दशावतार म्हणजे हे' असं ठरवलं तर त्याला तो थांबलेला राजा कधीच भेटणार नाही. तुमच्या गावचं भजन असो, आजोबांची मुलाखत असो, तिथेही हेच. आजोबा बोलताना थांबतात ते दर वेळी विसरले म्हणून नाही.

म्हणून शब्दांचे निर्णय मजकुरात घ्या, डोळ्यांचे आणि कानांचे निर्णय टाइमलाइनवर. मध्ये जाऊ द्या तो फक्त कागद. आणि शेवटचं 'चालेल' कोणी म्हणायचं? ज्यांची कला आहे, त्यांनी.

या जत्रेच्या दिवसांत तुमच्या गावात प्रयोग असेल तर परवानगी घेऊन दोनच फोन लावून बघा, दोन मिनिटांचा नमुना काढा, ठोका घ्यायला विसरू नका. अडलं तर कळवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. तोपर्यंत, येवा, ऐकत रवा!